पाटावरची वाळू

बायकोच्या हातांचं काहीतरी बिघडलंय, हे आम्हाला आधी साड्यांमुळे कळलं. ती घरी बसून धागा कटिंगचं काम करते. मशीनवर भरतकाम झालेल्या साडीच्या मागच्या अंगाला धागे लोंबत राहतात. ते कात्रीने कापायचे, साडी झटकून घडी करायची आणि गठ्ठा परत द्यायचा. सुरतेत, आमच्या नवागामच्या गल्लीत दर दुसऱ्या दारात हे काम चालतं. काम वाटणारी गुजराती बाई एक दिवस गठ्ठा घेऊन उलट पावली आली. साडी उलगडून म्हणाली, "बेन, तमारा हाथमां दोरो खेंचाय छे." जॉर्जेटवर जागोजागी धागा ओढला गेला होता. बायकोने आपले दोन्ही तळवे तिच्यापुढे धरले. त्यांवर ज्वारीच्या दाण्याएवढे टणक ठिपके होते, पिवळट, मोजायला बसावं इतके. त्या बाईने नाक मुरडलं नाही, तेवढी माणुसकी दाखवली. नवा गठ्ठा मात्र तिने दिला नाही.

मी दारात चहा पीत बसलो होतो. ते तळवे पाहिले आणि कप खाली ठेवला. असे तळवे मी आधी एकदा पाहिले होते, माझ्या आईचे. आई जाऊन तीन वर्षं होत आली होती. तिच्या हातांबद्दल आम्ही सगळे एकच बोलायचो, की जन्मभर निंदणी-खुरपणी केली, हात राठ होणारच. पण बायकोने आयुष्यात खुरपं धरलेलं नाही. ती उधन्यात वाढली, गिरणीच्या भोंग्यावर उठणाऱ्या घरात. तिच्या हातांना शेताचं निमित्त देता येत नव्हतं.

पुढचं जे सांगतो आहे ते मी फार वर्षं कुणाला सांगितलं नाही. लाज वाटायची हे तर आहेच. पण खरं सांगू का, कंटाळा यायचा. एक गोष्ट सांगायला तोंड उघडलं की तिच्या मागून आणखी दहा सांगाव्या लागतात, आणि तेवढा दम माझ्यात कधीच नव्हता.

धुळ्याकडून सुरतला आलो तेव्हा मी पंचविशीच्या आतबाहेर होतो. गावचे सगळे लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या खात्यावर चिकटलेले. मला तो खडखडाट सहन होईना, म्हणून मी एका डाइंग मिलमध्ये टेम्पोवर लागलो. मिलमध्ये कापड रंगतं, धुतलं जातं, परत रंगतं. त्या सगळ्याचं पाणी मागच्या टाक्यांत साठतं आणि तळाला गाळ बसतो. त्याला आम्ही गुजराती माणसांसारखं कादव म्हणायचो. चार-सहा दिवसांनी तो कादव फावड्याने उपसायचा आणि माझ्या टेम्पोत भरायचा. न्यायची जागा लांब होती. तिथे तो रीतसर पुरायची सोय होती म्हणे, पण जाऊन यायचं तर दिवस मोडायचा. ती जागा मी एकदाच पाहिली. नंतर सुपरवायझर हात हलवून सांगायचा, "पेली खाणमां नाखी आव." म्हणजे त्या खाणीत टाकून ये.

ती खाण म्हणजे खडी काढून काढून सोडून दिलेला एक प्रचंड खड्डा. खोदता खोदता खाली पाणी लागलं, उपसणं परवडेना, मग मालक यंत्रं उचलून निघून गेला. यंत्रांचे सिमेंटचे ओटे तेवढे राहिले. मी टेम्पो त्या ओट्यापर्यंत उलटा न्यायचो, फळी पाडायचो आणि कादव घसरत पाण्यात जायचा. मिलमध्ये त्या आठवड्यात जो रंग चालू असेल त्या रंगाचा. लग्नसराईच्या आधी राणी आणि मरून, एरवी बहुतेक शाईसारखा निळा. माझ्या नखांच्या कडा कायम रंगलेल्या असायच्या. डोळे चुरचुरायचे. त्या कडेला गवत उगवत नाही, हेही मी पाहिलं होतं. पाहिलं आणि गाडी काढली. पोटासाठी माणूस करतो, असं म्हणायची पद्धत आहे. पण मला वाईट वाटत होतं असंही नाही. मला काहीच वाटत नव्हतं. तीन वर्षं मी ते केलं. मग मार्केटात ताके पोहोचवायचं काम मिळालं, कापड कोरडं आणि स्वच्छ, आणि खाण डोक्यातून गेली.

मुलीचं लग्न करून दिलं, ती कतारगामला गेली, आणि घरात आम्ही तिघं उरलो. भाड्याच्या खोलीत आईचा जीव गुदमरायचा. त्याच सुमाराला एक ओळखीचा म्हणाला, नवागामच्या पलीकडे प्लॉट पडलेत, आपल्या आवाक्यातले. बघायला गेलो. रस्त्याच्या शेवटच्या वळणावरच मला कळलं होतं आपण कुठे आलोय. कडेला माती पसरून सपाटी केली होती, बाभळी वाढल्या होत्या. मधोमध पाणी, स्वच्छ दिसणारं. वर दोन बगळे. आई म्हणाली, किती मोकळं वाटतं इथे. बायकोही खूश होती. मी मनाशी म्हटलं, इतके पावसाळे गेले, वरून माती पडली, आता काय राहिलं असणार. मनाची समजूत घालायला मला कधी कुणाची मदत लागली नाही. आम्ही घर बांधलं.

महापालिकेचा नळ होता, एक दिवसाआड. पण खाणीच्या बाजूला एक हातपंप होता, इकडे त्याला डंकी म्हणतात. त्याचं पाणी थंड यायचं. आईने पहिल्याच दिवशी ओंजळभर पिऊन पाहिलं. "भाऊ, आपला गावनी विहीरना पानीसारखं शे हाई," ती मला म्हणाली. "नळना पानीले दवाईना वास येस." झालं. नळाचं पाणी धुण्याभांड्याला आणि डंकीचं पाणी माठात, अशी वाटणी तिने लावून टाकली. गल्लीतल्या आमच्याकडच्या सगळ्या बायकांनी तेच केलं. गावाकडून आलेल्या माणसाला नळाच्या पाण्यातलं औषध संशयास्पद वाटतं आणि जमिनीतून आलेलं पाणी आपलं वाटतं. मी त्यांना हसत नाही. हसायचा हक्क मला तरी नाही.

मी मात्र बाटली बाळगायला लागलो. मार्केटात पाणपोई आहे, थंड पाण्याची. निघताना तिथे बाटली भरून घ्यायचो. घरी आल्यावरही त्यातलंच प्यायचो, सकाळी जाईपर्यंत पुरवायचो. कुणी विचारलं तर सांगायचो, सवय लागली. आई चिडवायची, "तू ते साहेब व्हई गया. घरनं पानी चालत नही तुले." मीही हसायचो. त्या वेळी मला कुणी शपथ घालून विचारलं असतं, की तू मुद्दाम घरचं पाणी टाळतोस का, तर मी नाही म्हटलं असतं, आणि मला ते खरंच वाटलं असतं.

आणि मग कानबाई. खानदेशातल्या माणसाला हे समजावून सांगायला लागत नाही, पण बाकीच्यांसाठी सांगतो. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या घरांत कानबाई देवी बसते. नैवेद्याचे रोट होतात, रात्र जागवतात आणि सोमवारी तिला वाजतगाजत पाण्याकडे नेतात. परतताना ज्या पाटावरून तिला नेलं त्याच पाटावर तिथली वाळू भरून आणायची. आमच्या घराण्यात त्या वाळूची पूजा करून एक मूठ धान्याच्या कोठीत टाकतात, एक मूठ माठाखाली पसरतात. तिथे ती वर्षभर राहते. म्हणजे बाई घरात राहिली.

आधी आम्ही तापीवर जायचो. पण आईचे गुडघे गेले आणि ती म्हणाली, पाणी ते पाणी, तापी काय नि तळं काय. गल्लीतल्या म्हाताऱ्यांना ते पटलं, त्यांचेही गुडघे गेलेले. तेव्हापासून आमच्या गल्लीची कानबाई खाणीवर जायला लागली. पहिल्या वर्षी मी पाट धरून त्याच सिमेंटच्या ओट्यावर उभा होतो. बायका फुगड्या घालत होत्या, डीजे कान फाडत होता. बायको पदर खोचून काठाशी उतरली, पाण्यालगतची वाळू दोन्ही हातांनी ओरबाडून पाटावर ठेवू लागली. वाळू कसली, खडीची भुकटी आणि त्यावर सुकलेला पापुद्रा. पापुद्र्यात एक निळसर कण चमकला. मी तो ओळखला. मी ओरडू शकलो असतो. इतक्या माणसांत, देवीच्या समोर, म्हणायचं काय? मी तो पाट डोक्यावर घेऊन घरी आलो.

एकदा गप्प बसलं की दुसऱ्या वर्षी गप्प बसणं सोपं जातं. बायको दरवर्षी नव्या वाळूबरोबर जुनी उचलून तुळशीत टाकायची. माठ रिकामा झाला की खालची ओली वाळू हाताने सारखी करायची, कारण पाणी पाझरून तिच्यात खळगा पडायचा. आईला आधी तळहाताला, मग तळपायाला ते ठिपके आले. छातीवर पाऊस पडून गेल्यासारखे डाग आले. तिने खोबरेल लावलं, कुणी सांगितलं म्हणून एरंडेल लावलं. मग अन्न जाईना, पाय सुजले. डॉक्टर म्हणाले, वय झालंय. आम्हीही तेच म्हटलं. माणसं भेटायला आली तीही तेच म्हणाली. मी सगळ्यात जास्त वेळा म्हटलं असेन.

बायकोला मात्र वयाचं कारण लागू पडत नव्हतं. गठ्ठे बंद झाल्यावर तिने पायरीच्या दगडावर तळवे घासून पाहिले, रक्त निघेपर्यंत. तेव्हा मी तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. कातडीची डॉक्टरीण होती, तरुण मुलगी. तिने भिंग लावून तळवे पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, पाणी कुठलं पिता? बायकोने सांगितलं. घराजवळ काय आहे? बायको म्हणाली, तळं आहे, पूर्वीची खाण. डॉक्टरीण लिहायची थांबली. म्हणाली, हे पाण्यातून आलेलं दिसतंय, धातूचं विष, बऱ्याच वर्षांचं. डंकीचं पाणी आजपासून बंद. हात बरे होतील का, हे लगेच सांगता येणार नाही, पण आत मूत्रपिंडाला किती लागलंय ते पाहायला हवं. मग पेन टेबलावर ठेवून ती म्हणाली, त्या खाणीत नेमकं काय पडलंय हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. काय शोधायचं तेच कळत नाही, त्यात वेळ जातो.

मी तिच्यापासून दोन हातांवर बसलो होतो. माझ्या मांडीवर बायकोची पर्स होती. मला रंगांची नावं माहीत होती. कुठल्या पिंपावर कवटीचं चित्र असायचं तेही आठवत होतं. एकदा पिंप फुटून एका कामगाराचे हात भाजले, तेव्हा सुपरवायझर ज्या रसायनाचं नाव घेऊन ओरडला होता, ते तर पाठच होतं. मी पर्सची चेन उघडली आणि बंद केली.

रिपोर्ट घेऊन पुढच्या मंगळवारी यायला सांगितलं होतं. त्याआधीच महापालिकेचा एक माणूस आला, डंकीवर लाल रंगाची फुली मारली आणि दांडा काढून नेला. त्याआधी तिच्या पाण्याच्या बाटल्या तपासणीसाठी भरून घेतल्या. गल्लीत विचारत फिरला, इथे जुनं कोण आहे, या खाणीत पूर्वी कुणी काही टाकत होतं का? लोकांनी माझ्याकडे बोट दाखवलं, कारण वयाने मी मोठा. मी म्हणालो, "आम्ही तर प्लॉट पडल्यावर राहायला आलो." त्याने ते लिहून घेतलं. वाक्य खोटं नव्हतं. त्या दिवशी मला माझीच शिसारी आली, इतकी की जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं, बरं नाही का? तिला बरं नसताना ती मला विचारत होती.

ही गोष्ट श्रावणातली. कानबाईला पाच-सहा दिवस उरले होते. सोमवारी दुपारी मी मार्केटातून लवकर आलो, तर बायको घर सारवल्यासारखं साफ करत होती. माठ उचलून बाजूला ठेवलेला. आता त्यात नळाचं पाणी होतं, तिला वास यायचा पण ती प्यायची. माठाखालची वाळू ओलसर, काळपट, मागच्या वर्षीची. ती गुडघ्यावर बसून वाळू उघड्या हातांनी ताटलीत गोळा करत होती. तळव्यांच्या भेगांत वाळू शिरत होती.

मी म्हणालो, ती कचऱ्यात टाक, पिशवीत भरून.

"हाई कानबाईनी वाळू शे. कचरामा कशी टाकू?" ती म्हणाली. "तुळसमा टाकी देस, दरसाल टाकस तशी."

"हात नको लावू तिले!"

मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारची बाई दारात आली. बायकोचे हात तसेच राहिले, वाळूत. तिने शेजारणीकडे पाहून काही नाही म्हणून मान हलवली, शेजारीण गेली. मग तिने मला विचारलं, "काब्र?"

का? एवढाच प्रश्न होता. मी तिच्यासमोर फरशीवर बसलो आणि सांगायला लागलो. टेम्पो, कादव, ओटा, राणी रंग, निळा रंग. पहिल्या वर्षी पाटावर चमकलेला कण. डॉक्टरीण काय विचारत होती आणि मी चेन कशी उघडझाप करत होतो, ते. आईचंही सांगितलं. मला वाटलं होतं ती रडेल किंवा मला मारेल. मारावं असंही वाटत होतं. ती ऐकत होती आणि हाताला चिकटलेली वाळू एकेक कण करून ताटलीत झाडत होती. वाळू सगळी निघाली तरी ती झाडतच होती.

मी म्हणालो, मला खरंच वाटलं होतं की सगळं वाहून गेलं असेल. मला माहीत नव्हतं.

तिने पहिल्यांदा मान वर केली. "आनि तुम्ही?" ती म्हणाली. "तुम्ही ते घरनं पानी पेतसच नही. इतला सालमा एकदाबी मांगं नही."

मी तोंड उघडलं, पण सवय हा शब्द निघेना. ती हे कधीपासून पाहत होती, मला माहीत नाही. माठ ती भरायची, तांब्या ती विसळायची. घरात कोण किती पाणी पितं हे तिच्याशिवाय कुणाला कळणार? तिने कधी टोकलं नव्हतं. तिला वाटलं असेल, नवऱ्याला घरचं आवडत नाही. बायका असल्या गोष्टी विचारत नाहीत, मनातल्या मनात लावून घेतात. आणि आत्ता, फरशीवर बसून, तिने त्याचा दुसरा अर्थ लावला होता. तो अर्थ बरोबर होता. माझ्यासमोर कुणीतरी तो पहिल्यांदाच बोललं होतं.

रस्त्यावरून भंगारवाल्याची गाडी ओरडत गेली. शेवटी ती भिंतीचा आधार घेऊन उठली, ताटली झाकून वर ठेवली. "सकाय डॉक्टरले तुम्हीच सांगा," ती म्हणाली. सकाय म्हणजे उद्या. मी हो म्हणालो. ती म्हणाली, पिंपावरच्या चित्रासकट सगळं सांगा, मी तिथे बसून ऐकणार आहे. मी परत हो म्हणालो.

माझी पिशवी दाराच्या खुंटीला होती. तिने पिशवीकडे पाहिलं आणि हात पुढे केला, तो ठिपक्यांचा तळवा वर करून.

"बाटली द्या तुम्हनी."

मी बाटली काढून दिली. पाणपोईचं पाणी, अजून थंड होतं. तिने झाकण उघडलं, तोंडाला लावली आणि एका दमात सगळी संपवली. मग रिकामी बाटली माझ्या हातात ठेवली आणि भाजी चिरायला आत गेली.